पात्रांची ना-हरकत

राहात्याच्या श्रमसाफल्य कॉलनीत राहणाऱ्या भागवतराव बोरुडे यांनी आयुष्यात एकच कथा लिहिली. त्या एका कथेपायी त्यांना बावीस घरांचे उंबरे झिजवावे लागले, एक सर्वसाधारण सभा सोसावी लागली आणि तीन आठवडे सकाळ-संध्याकाळचा चहा कुंपणाच्या भिंतीशी उभं राहून प्यावा लागला. कथालेखनात एवढी जोखीम असते हे कार्यशाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर भागवतरावांनी ते नक्की लिहून घेतलं असतं, कारण बाकीचं सगळं त्यांनी लिहून घेतलं होतं.

तर कार्यशाळा. गावातल्या वाचनालयाला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि त्यानिमित्त स्मरणिका निघणार होती. निवृत्त मुख्याध्यापक भिमाजी सर तिचे संपादक. सरांनी जाहीर केलं, की स्मरणिकेत नुसत्या जाहिराती आणि पुढाऱ्यांचे शुभसंदेश नकोत, गावातल्या माणसांनी लिहिलेल्या कथाही हव्यात. मग माणसांना कथा लिहिता याव्यात म्हणून एका रविवारी त्यांनी वाचनालयात फळा लावला आणि त्यावर सात तंत्रं लिहिली. उपमा, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, उपरोध, पूर्वसूचना, कलाटणी आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित करून, 'न सांगता सांगणे'. बाकीची मंडळी सरांनी आणलेल्या पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावण्यात गुंतली होती. भागवतराव एकटे वहीत रकाने आखत होते. अनुक्रमांक, तंत्राचे नाव, कथेतील पान, शेरा.

यात हसण्यासारखं काही नाही. भागवतराव पाटबंधाऱ्याच्या सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तीस वर्षांत त्यांनी इतकी पत्रं, अहवाल आणि खुलासे लिहिले होते, की त्यांची भाषा तालुक्यातल्या घराघरांत पोचली होती. पण त्या प्रत्येक कागदाखाली सही साहेबांची. साहेब बदलायचे, सही बदलायची, लिहिणारे भागवतराव तेच. एकदा तर त्यांनी लिहिलेल्या एका अहवालाबद्दल साहेबांचा जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला आणि हार आणायला भागवतरावांनाच पाठवलं. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते. आपण लिहिलेल्या मजकुराखाली एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

कथा त्यांनी दहा दिवसांत लिहिली. कॉलनीचा सामाईक बोअरचा पंप बिघडतो आणि शेवटी दुरुस्त होतो, असं कथानक. आजूबाजूची माणसं घ्या, असं सरांनी सांगितलं होतं, म्हणून माणसं कॉलनीतलीच घेतली, फक्त नावं बदलली. समोरच्या केशरबाईंची कस्तुरबाई केली आणि अतिशयोक्ती त्यांच्यावर वापरली: 'कस्तुरबाईंनी दारातून हाक मारली की चौकातला रिक्षावाला ब्रेक दाबायचा.' कॉलनीचे अध्यक्ष कल्याण यांचा कृपाळ केला आणि उपरोध त्यांना दिला: 'अध्यक्ष इतके कार्यतत्पर, की पंप बिघडल्यावर दहाव्याच दिवशी त्यांनी तो बिघडल्याचं जाहीर केलं.' छापखानेवाले फक्रुद्दीनभाई नजरुद्दीन झाले. पंप रुसतो, सुस्कारे टाकतो, एकदा तर चक्क रडतो, ही चेतनगुणोक्ती. पहिल्या पानावर कोपऱ्यात एक दोरी ठेवली आणि शेवटच्या पानावर ती पंपाला बांधली, ही पूर्वसूचना. सगळे रकाने भरले. फक्त 'न सांगता सांगणे' यापुढे त्यांनी 'सर्वत्र' असं लिहिलं, कारण ते नेमकं कुठं आलं हे त्यांनाही सांगता येईना.

मग त्यांनी ती मनकर्णाबाईंना वाचून दाखवली. मनकर्णाबाई म्हणजे त्यांची बायको, माहेर घोडेगावचं. ओट्यावर बसून त्या परातीत भाजी निवडत होत्या. भागवतरावांनी घसा खाकरून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कथा वाचली, रडणाऱ्या पंपाच्या जागी स्वतःचा आवाजही थोडा कापवला. वाचून झाल्यावर बाईंनी दोन काड्या बाजूला टाकल्या आणि विचारलं,

"ह्या कॉलनीत लेखकाचं घर न्हाई का?"

"आहे ना. पण लेखक तटस्थ असतो."

"तटस्थ म्हंजे?"

"म्हणजे तो यात नसतो. लांब उभा राहून बघतो."

"आन् त्याच्या घरचे?"

"ते पण लांबच."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि परात उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतराव नेहमीप्रमाणे झोपाळ्यावर बसले. चहा आला नाही. हाक मारली तर आतून उत्तर आलं, "ठिवलाय." कुठं ठेवलाय म्हणून शोधू लागले तेव्हा कपबशी कुंपणाच्या भिंतीवर सापडली, पार टोकाला, रस्त्याच्या बाजूला. "अगं, इथं का?" तर म्हणे, "लेखक लांब उभा ऱ्हातो ना? मंग चहा बी लांबच घ्या." भागवतरावांना वाटलं, गंमत आहे. हसले. संध्याकाळीही चहा भिंतीवरच आला तेव्हा हसू जरा कमी आलं.

पण त्यांना त्या वेळी बायकोच्या गमतीत लक्ष घालायला सवड नव्हती. सरकारी नोकर माणूस, कथा छापायची तर वरिष्ठांच्या कानावर घालावं, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला होता. कुणी मागितला नव्हता. स्वतःच्या हातानं हा खड्डा खणला. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बोरुडे, अशी परवानगी लागते असं नियमात आहे का?"

"नाही साहेब."

"लागत नाही असं आहे?"

"तसंही नाही."

"मग अवघड आहे. पात्रं खरी आहेत का?"

"नाही साहेब, काल्पनिक."

"ती काल्पनिक आहेत याला पुरावा काय?"

भागवतरावांनी वही काढली. साहेबांनी मार्गदर्शन केलं. ज्या व्यक्तींवरून पात्रं घेतलेली नाहीत, त्या प्रत्येक व्यक्तीकडून, 'सदर पात्र मी नव्हे आणि माझी हरकत नाही' असा दाखला घ्यावा व अर्जासोबत जोडावा. वरकरणी हे सोपं वाटतं. पण आपल्यावरून पात्र घेतलेलं नाही हे माणसाला पटवायचं, तर आधी कुठलं पात्र घेतलेलं नाही ते दाखवावं लागतं.

सुरुवात त्यांनी फक्रुद्दीनभाईंपासून केली. माणूस शांत आणि स्मरणिका त्यांच्याच छापखान्यात छापायची होती. भाईंनी उभ्याउभ्या सही केली आणि मग कथा वाचायला घेतली. वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवून त्यांनी भागवतरावांकडे दयेनं पाहिलं.

"कॉलनीत घरं किती, भागवतराव?"

"बावीस."

"आणि कथेत?"

"तीन."

"या अल्ला," भाई म्हणाले. "तीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय मी. पत्रिकेतला मजकूर आजवर कुणी वाचलेला मी पाहिला नाही. माणूस पत्रिका हातात घेतो आणि सरळ खाली जातो. निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित. आपलं नाव आहे का, भावकीतल्या अमक्याच्या वर आहे का खाली. एका चुलत्याचं नाव राहिलं म्हणून राजुरीच्या एका लग्नात अर्धं वऱ्हाड अक्षता न टाकता गेलं. पत्रिका परत छापली तेव्हा नवराबायकोला पोर झालं होतं. तुम्ही एकोणीस घरं सोडलीत!"

"भाई, ही कथा आहे. लग्नपत्रिका नाही."

"ते तुम्हाला माहीत आहे," भाई म्हणाले. "कॉलनीला कोण सांगणार?"

भागवतराव तिथून केशरबाईंकडे गेले. जाताना त्यांनी ते रिक्षावाल्याचं वाक्य मनातल्या मनात चार वेळा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा चालायचा वेग कमी केला. केशरबाई अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. भागवतरावांनी ते वाक्य शक्य तितक्या बारीक आवाजात वाचलं.

"काय म्हन्लं? मोठ्यानं वाचा!"

त्यांनी मोठ्यानं वाचलं. केशरबाईंनी वाळवण राखायची काठी उचलली. भागवतरावांनी फाटकापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजून ठेवलं.

"चौकातला रिक्षावाला?" बाई म्हणाल्या. "फकस्त चौकातला? अवो, माजा आवाज पार साखर कारखान्याच्या गेटापोत्तर जातो! आमचं मालक हुतं तवा त्येस्नी मी हितून जेवाया हाक मारायची आन् ते वजनकाट्यावरून निघायचे. व्हय का न्हाई इचारा कुनालाबी. लई कमी लिव्हलंय तुमी."

"वाढवतो," भागवतराव घाईनं म्हणाले. "तेवढी इथं सही..."

"आन् ही कस्तुरबाई कोन म्हनायची? आवाज माजा आन् नाव तिचं? मी काय मेले व्हय नाव बदलाया? आदी केशर लिव्हा, मंग सही."

म्हणजे पात्र मी नव्हे, असा दाखला मागायला गेलेले भागवतराव, पात्र मीच आहे, अशी लेखी मागणी घेऊन परत आले. असा कागद कुठल्या फायलीला लावायचा याचा त्यांना प्रश्न पडला.

अध्यक्षांकडे तर याहून अवघड परिस्थिती झाली. कल्याण अध्यक्षांनी उपरोधाचं वाक्य वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "दहाव्याच दिवशी! बरोबर पकडलंत भागवतराव. आधीच्या अध्यक्षाला महिना लागायचा. एवढं बारकाईनं कुणी बघतंय हेच आम्हाला माहीत नव्हतं." त्यांनी वाक्य ठळक अक्षरांत छापायची सूचना केली, शेजारी फोटो टाकायची तयारी दाखवली आणि तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'आपल्या कॉलनीवर कथा येत आहे. प्रत्येक घराने नावे शनिवारपर्यंत द्यावीत.'

तो मेसेज पडल्यापासून भागवतरावांच्या जिवाला शांतता अशी मिळाली नाही. लोक घरी येऊ लागले. कुणी सुनेचं नाव माहेरच्या आडनावासकट दिलं, कुणी पुण्यात शिकणाऱ्या नातवाचं. सात नंबरच्या घरानं कुत्र्याचं नाव दिलं आणि कुत्रा पंपावर पहिल्यांदा भुंकला असं दाखवा म्हणाले. बारा नंबरवाले म्हणाले, आमचं नाव अकरा नंबरच्या आधी आलं पाहिजे, आम्ही प्लॉट आधी घेतलाय. आणि तासाभरानं अकरा नंबरवाले प्लॉटचा उतारा घेऊनच आले. भागवतरावांनी सेवाज्येष्ठतेच्या यादीसारखी यादी केली, तीही पसंत पडेना. शेवटी कल्याणरावांनी सर्वसाधारण सभा बोलावली. कल्याणराव एकदा अभ्यासदौऱ्यात हिवरे बाजारला जाऊन आले होते, आणि तिथं गावाचं सगळं ग्रामसभेत ठरतं हे पाहिल्यापासून कॉलनीत कचऱ्याच्या बादलीचा रंगसुद्धा ते हात वर करायला लावूनच ठरवत.

सभा मंदिरासमोरच्या मांडवात भरली. विषय क्रमांक एक, कथेला कलाटणी असावी का. बाजूनं अठरा, विरुद्ध तीन, तटस्थ एक. हे तटस्थ म्हणजे भागवतराव, आणि त्यांचीच कथा होती. विषय क्रमांक दोन, पंप. एक गृहस्थ तावातावानं उठले, "पंपाला बोलायला दीड पान आणि आमच्या घराला एक ओळ नाही? पंपानं कॉलनीसाठी केलंय काय?" पंपाचं रडणं बहुमतानं काढून टाकण्यात आलं. विषय क्रमांक तीन, पंप दुरुस्त कुणी केला. यावर एकमत होण्याची शक्यता नव्हती, म्हणून प्रत्येक घरानं एकेक नट फिरवला असं ठरलं. केशरबाईंचा आवाज चौकातून कारखान्यापर्यंत वाढवून मिळाला, तो मात्र टाळ्यांच्या गजरात. एवढं ठरल्यावर एकवीस घरांनी तिथंच 'हरकत नाही' म्हणून सह्या दिल्या.

मांडवात मनकर्णाबाईही होत्या, शेवटच्या रांगेत. त्यांनी हात कशासाठीच वर केला नाही. भागवतराव इतिवृत्त लिहीत होते, त्यामुळे त्यांच्या ते लक्षात आलं नाही. चहा तोवर कुंपणाच्या भिंतीवरून फाटकाच्या खांबावर गेला होता. येणारेजाणारे विचारायचे, "काय भागवतराव, बाहेरच?" ते म्हणायचे, "हवा बरी आहे." एका संध्याकाळी केशरबाईंनी समोरून पाहिलं आणि कारखान्यापर्यंतच्या आवाजात विचारलं, "बायकू रुसलीया काय वो?" त्यानंतर हवेचं कारण सांगायची सोय राहिली नाही.

पंधरा दिवसांनी कथा साडेअकरा पानांची झाली. त्यात एकेचाळीस माणसं, एक कुत्रा आणि बावीस नट होते. भिमाजी सरांनी ती वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचली. मध्ये दोनदा मागं जाऊन बघावं लागलं, तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला.

"भागवतराव, तंत्रं सगळी आलीत."

"रकाने दाखवू का सर?"

"नको. यात सगळी कॉलनी आहे. कुत्रासुद्धा आहे. पण ही गोष्ट आहे कुणाची?"

"कॉलनीची."

"कॉलनीची तर पाणीपट्टी असते," सर म्हणाले. "आणि हे बघा, जागा चारच पानं आहे. शुक्रवारी मजकूर छपाईला जाणार. नाही आला तर त्या जागी खतांच्या दुकानाची जाहिरात जाईल. त्यांनी कधीचा मजकूर देऊन ठेवलाय."

तीस वर्षांनी आपलं नाव छापून यायची वेळ आली आणि त्या जागी खत! भागवतरावांचा चेहरा एवढासा झाला. ते कचेरीत गेले, तर टेबलावर अर्ज परत आला होता. एकवीस दाखले जोडलेले, आणि वर साहेबांच्या अक्षरात लाल शेरा: 'बावीस घरांपैकी एकवीसच दाखले आहेत. लेखकाच्या स्वतःच्या कुटुंबाची ना-हरकत जोडलेली नाही. पूर्तता करावी.'

एवढंच ना, असं म्हणत भागवतराव घरी आले. मनकर्णाबाई ओट्यावरच होत्या. त्यांच्यासमोर त्यांनी कागद आणि पेन ठेवलं.

"इथं सही कर. तुझी हरकत नाही म्हणून."

"कशाला हरकत न्हाई?"

"कथेला."

"मी हाय का तिच्यात?"

"म्हणजे?"

"बघा की शोधून. साडेअकरा पानं हायेत. केशरबाई हाय, तिचा मेलेला दादला बी हाय. सात नंबरचं कुत्रं हाय. बघा, मी हाय का."

भागवतराव खरंच पानं उलटू लागले. अकरा नंबर झाला, बारा नंबर झाला, वाटेत बावीस नट फिरले. बाविसावा नट त्यांनी स्वतःच फिरवला होता, आणि तोही एकट्यानं. मनकर्णा कुठंच नव्हती. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते हत्यार उचलतो, त्यांनी सातवं तंत्र उचललं.

"अगं, तू आहेस यात. पण न सांगता. सरांनी सांगितलंय, सगळ्यांत मोठी गोष्ट लेखक न सांगताच सांगतो."

मनकर्णाबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"आमचा बाप घोडेगावच्या बाजारात बैल इकायचा," त्या म्हणाल्या. "समदे दलाल बैलाचं गुनगान गायचे. कुनी म्हनायचं वाऱ्यावानी पळतो, कुनी म्हनायचं डोंगर वढतो. तुमच्या फळ्यावर हाय ते समदं त्या बाजारात रोज चालतं, फळ्याबिगर. पन गिऱ्हाईक आमच्या बापाकडं यायचं. का म्हाईत हाय? तो बैलाच्या पाठीवर हात ठिवायचा आन् हाय ते तोंडानं सांगायचा. डाव्या अंगालाच चालतो, बुजतो, पन जीव लावतो. त्याला कदी वाटलं न्हाई का न सांगता समजंल."

भागवतरावांनी पानं मिटली.

"सही सायबाची आन् लिव्हलेलं तुमचं. ह्येचं तुमाला किती लागलं हुतं. हार आनाया धाडलं त्या दिशी तुमी जेवला न्हाईत, मी बी जेवले न्हाई. तुमी लिव्हलेला हर कागद मी आयकलाय. पान्याच्या पाळ्या, पंचनामे, मला त्यातलं काय बी कळत न्हाई, पन आयकलाय. तीस वर्सं. आन् तुमच्या नावाची पयली गोष्ट, तर तिच्यात कुत्रं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला लई वाईट वाटलं. सांगून टाकलं. आता मी काय लेखक न्हाई."

त्या आत गेल्या. भागवतराव ओट्यावर बसून राहिले. साहेबांवर तीस वर्षं राग धरला, पण साहेबांनी निदान हार आणायला तरी पाठवलं होतं. आपण बायकोला काय सांगितलं? लांब उभी राहा. स्वतःची इतकी लाज त्यांना आजवर वाटली नव्हती.

त्यांनी साडेअकरा पानं बाजूला ठेवली आणि नव्या कागदावर लिहायला घेतलं. रकाने आखले नाहीत. 'माझ्या बायकोचं नाव मनकर्णा आहे,' हे पहिलं वाक्य. पुढं, ती मेथी निवडत बसायची आणि एक लिपिक तिला पाण्याच्या पाळ्यांचे आदेश वाचून दाखवायचा, तिला त्यातलं काही कळायचं नाही आणि ती तरी कधी उठून जायची नाही. एका दिवशी त्यानं जेवण टाकलं तर तिनंही टाकलं, आणि हे त्याला तीस वर्षांत आज कळलं. शेवटी, 'ही नसती तर मी एक ओळसुद्धा लिहिली नसती. मला ती फार आवडते.' हे वाक्य लिहिताना त्यांचे कान लाल झाले, कारण एवढी उघड गोष्ट त्यांनी आजवर कुठल्याच कागदावर लिहिली नव्हती. पंप यात नव्हताच. सगळी मिळून दोन पानं झाली. लाल शेऱ्याचा अर्ज त्यांनी साडेअकरा पानांखाली ठेवून दिला; तशी परवानगी लागते असं नियमात नव्हतंच.

शुक्रवारी सकाळी छापखान्यात ती दोन पानं फक्रुद्दीनभाईंनी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मशीन बंद केलं. मग त्यांना व्यवहार आठवला.

"कथा फार छान आहे, भागवतराव. आता तुम्ही राहायला कुठं जाणार?"

"म्हणजे?"

"एकवीस घरं काढून टाकलीत! कुत्र्यासकट! कॉलनीत कोण ठेवेल तुम्हाला?"

हे भागवतरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मटकन् कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. पण तीस वर्षं लग्नपत्रिका छापणं म्हणजे काही चेष्टा नाही. भाईंनी चार पानांतली उरलेली दोन पानं मोजली, पत्रिकेचा एक जुना नमुना काढला आणि कामाला लागले. कथा संपल्यावर खाली वेलबुट्टीची चौकट. चौकटीत, 'या कथेस शुभाशीर्वाद'. त्याखाली सगळी कॉलनी. संकल्पना, कल्याण अध्यक्ष, 'दहाव्याच दिवशी' या शब्दांसह. आवाज, केशरबाई, कंसात 'कारखान्यापर्यंत'. अकरा आणि बारा नंबर एकाच ओळीत शेजारी शेजारी. पुण्यातला नातू, माहेरच्या आडनावाची सून, आणि तळाशी बारीक अक्षरात, 'आमच्या कथेला यायचं हं', सात नंबरचा कुत्रा. भिमाजी सरांनी ते पाहून डोकं धरलं. जगात कुठल्या कथेखाली स्नेहांकित असतं का, म्हणाले. भाई म्हणाले, "सर, राहू द्या. माणसाला इथंच राहायचं आहे."

स्मरणिकेचा प्रकाशन समारंभ झाला. श्रमसाफल्य कॉलनीनं प्रती हातात घेतल्या आणि झाडून सगळी सरळ चौकटीवर गेली. अध्यक्षांनी आपल्या ओळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. केशरबाईंनी कंसातला शब्द कुणाकडून तरी दोनदा वाचून घेतला आणि आनंदानं अशी आरोळी दिली, की ती कुठवर गेली याची चौकशी करायचं कारण उरलं नाही. भागवतरावांची कथा फक्कड झाली, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. वर दोन पानं मजकूर होता, तो त्या दिवशी कॉलनीत कुणी वाचल्याचं दिसलं नाही. भागवतरावांचं नाव कथेखाली छापलेलं होतं, आणि त्यावर हात फिरवायची त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली होती. पण त्यांचं सगळं लक्ष बायकांच्या रांगेकडे होतं. मनकर्णाबाईंनी अंक न उघडता पिशवीत टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीनं फाटकाच्या खांबाकडे गेले. खांबावर चहा नव्हता. भिंतीवरही नव्हता. आता मात्र संपलं, असं त्यांना वाटलं. इतकं उघड लिहायला नको होतं, बाईमाणसाला लाज वाटली असणार. ते परत वळले, तर मनकर्णाबाई झोपाळ्यावर बसलेल्या. मांडीवर अंक उघडा, पहिल्या पानावर बोट, बाजूला दोन कप.

"वाचली?" भागवतरावांनी विचारलं. ते झोपाळ्यापासून चार पावलं लांबच उभे राहिले.

"काल सांजच्यालाच. तीन बारी." त्यांनी बोट ओळीवरून सरकवलं. "हितं एक चूक हाय."

"कुठं?"

"मेथी न्हवती. शेपू हुता. मेथी लवकर निवडून व्हायची म्हनून तुमी वाचायच्या टायमाला मी शेपू घ्यायची. हात रिकामे ऱ्हायले का मंग तुमी वाचता वाचता थांबायचे, मी कटाळले म्हनून. तुमाला शेपूचा वास सुदिक आला न्हाई तीस वर्सं?"

"लांब उभा होतो," भागवतराव म्हणाले. "शुद्धिपत्रक काढतो. आजच सरांना पत्र देतो."

"काय नगं. ऱ्हाऊ द्या मेथी," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि झोपाळ्यावर जरा सरकून त्यांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "बसा हितं. निवतोय."